चौकट क्रमांक एकतीस

एप्रिलात जळलं. आम्ही जुलैत मोजायला गेलो,
चॅट्सवर्थच्या दक्षिणेला, जिथं डांबरी रस्ता
न सांगता पांढरी वाळू होतो.
सोबत प्लास्टिकच्या नळ्यांची चौकट, मीटरभर लांब, मीटरभर रुंद,
फॉर्मचा गठ्ठा, दोन पेन्सिली,
आणि लिओना ऍपलगेट, वय एकोणऐंशी,
जिनं बत्तीस उन्हाळे टेहळणीच्या मनोऱ्यात काढले
आणि धूर कुठला, धुकं कुठलं,
हे अजून नाकानं सांगते.

जमीन काळी. पण टाचेनं जरा उकरली की
खाली लगेच पिठीसाखर.
झाडं उभीच आहेत, पिच पाइन, कोळशाचे खांब,
आणि खांबांच्या अंगावर मध्येच, कुठंही,
हिरव्या सुयांचे झुपके,
म्हाताऱ्या काकांच्या कानांतल्या केसांसारखे.
मला हसू आलं.
हस, लिओना म्हणाली, त्यांनाही ठाऊक आहे
आपण कसे दिसतोय ते.

गावच्या सभेत ठराव आला होता: दहा हजार रोपं,
नर्सरीतली, ट्रक भरून.
ती उभी राहिली होती, कोटसुद्धा न काढता.
जे बोलली त्याचं मराठी माझ्या डोक्यात असं झालं:
जिच्या घरी पाळणा हललाय
तिला दत्तक कशाला देता?

मागच्या रविवारी तिच्या स्वयंपाकघरात
तिनं खिडकीतला एक शंकू माझ्या हातावर ठेवला.
बावीस वर्षं मिटलेला. राळेनं असा सांधलेला
की नखही शिरेना.
आमच्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची,
मी सांगितलं, अर्थही सांगितला.
तिनं थोडा विचार केला
आणि मक्याच्या पावाशेजारी शंकू ओव्हनमध्ये सरकवला.

टिक.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग टिक, टिक, शेजारच्या खोलीत
कुणी बोटं मोडत बसल्यासारखं.
ट्रेवर बिया सांडल्या, काळ्या, तिळाहून जरा मोठ्या,
प्रत्येकीला एकच पंख.
मोज, ती म्हणाली, सव्वा लाख भरतात का.
सत्त्याण्णव भरल्या.
पावाला टर्पेंटाइनचा वास लागला होता. आम्ही खाल्ला.

तिची शेड गेली त्या आगीत,
शेडमध्ये भावाची होडी, त्यानं स्वतः तासलेली.
त्याबद्दल ती एवढंच म्हणाली
की होडीला बी नसतं.
मी फॉर्मवर तारीख घातली. दुसरं काय करणार.

पहिली चौकट: शून्य. दुसरी: शून्य.
तिसरीत हरणाची लेंडी आणि शून्य.
मी रकाना कोरा सोडत होते, तिनं पाहिलं.
शून्यही लिही, म्हणाली. मनोऱ्यावर मी रोज लिहायचे,
आज धूर नाही. बत्तीस वर्षांत
सगळ्यांत जास्त वेळा तेच लिहिलं.

नवव्या चौकटीत पहिलं.
काडीपेटीतल्या काडीएवढं,
माथ्यावर सुयांचं चक्र, आणि त्या चक्रावर अजून
बियेचं टोपडं, वाकडं झालेलं.
आम्ही दोघी गुडघ्यांवर.
कुणी काही बोललं नाही. तिचा गुडघा मात्र
करकरला.

मग चार. मग एक. मग शून्य, सात, शून्य.
दुपारी ओढ्याच्या चहारंगी पाण्यात पाय सोडून
सँडविच खाल्लं. पोटऱ्यांवर काजळीच्या रेघा.

एकतिसाव्या चौकटीत
एक रोप नेमकं नळीच्या खाली, काठावर.
नियम साधा आहे: उत्तरेच्या कडेवरचं धरायचं,
दक्षिणेचं सोडायचं.
मी होकायंत्र काढलं. दक्षिण.
तसं मी मोठ्यानं म्हटलंही.

लिओनानं दूर, मनोऱ्याच्या दिशेला पाहिलं,
बराच वेळ, कामात असल्यासारखं,
आणि बुटाच्या टोकानं
चौकट
बोटभर खाली सरकवली.